आई हयात असताना केलेलं क्षौर

१९५६ च्या चैत्रात, एका रविवारी सकाळी, मी डोंबिवलीत डोकं आणि मिशी दोन्ही काढून घेतली. माझी आई तेव्हा खडवलीला धाकट्या भावाकडे होती आणि तिची प्रकृती उत्तम होती.

मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या होत्या. मुंबईच्या एका इस्पितळात शिरेतून इंजेक्शनं चालू होती. औषध नवं होतं. लढाईतल्या विषारी वायूच्या कुळातलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "विहीणबाईंना तेवढं सांगू नका," बायको म्हणाली. विहीणबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. थोरल्या मुलीचं लग्न ठाण्याला ठरलं होतं, मार्गशीर्षात व्हायचं होतं. डॉक्टर पुढचं बोलायचे ते महिन्यांत, वर्षांत नाही. मला लग्न पाहायचं होतं.

इंजेक्शनांच्या दुसऱ्या खेपेनंतर केस उशीवर राहू लागले. मिशी डावीकडची गेली, उजवीकडची राहिली.

"एकतर दोन्ही ठेवा, नाहीतर दोन्ही काढा," बायको म्हणाली.

न्हाव्याने "शेंडी राहू दे ना?" एवढंच विचारलं. एरवी तो गप्प बसत नसे.

दुपारी शेजारच्या वहिनी पिठलं-भात घेऊन आल्या. "आज चूल पेटवू नका."

"अहो, आमच्या सासूबाई ठणठणीत आहेत!"

"सुरुवातीला असंच वाटतं हो," म्हणत वहिनींनी डोळे पुसले.

खरं कारण सांगायचं नव्हतं, त्यामुळे खुलासा अर्धाच झाला. संध्याकाळपर्यंत तीन घरचं पिठलं जमलं. फोडणीच्या वासाने मला आठ दिवस अन्न जात नव्हतं. या फोडण्या दुसऱ्यांच्या घरी झालेल्या होत्या. मी दोनदा भात घेतला.

बुधवारी ठाण्याहून व्याही आले. बातमी त्यांना डोंबिवलीत राहणाऱ्या त्यांच्या मावसभावाने दिली होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि माझ्या डोक्याकडे पाहत राहिले.

"वाईट झालं. वय काय होतं?"

"एकाहत्तर," मी म्हणालो. वय तेवढंच होतं.

"आता वर्षभर कार्य नको. वर्षश्राद्ध झालं की बघू. मुलं काही म्हातारी होत नाहीत."

चहा त्यांनी नाकारला. सुतकाच्या घरचा ते घेत नसत. आई गेली असं राहू द्यावं तर वर्ष जात होतं, आजार सांगावा तर स्थळ. बायको आतल्या दारातून मानेने नाही म्हणत होती.

"आई आहे," मी म्हणालो. "खडवलीला. जाण्याची पाळी माझी आहे."

मग गाठींपासून सगळं क्रमाने सांगितलं. वायूसुद्धा.

"म्हणजे सुतक नाही?"

"नाही."

"मग चहा सांगा."

चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "आम्हाला फसवत होता."

"होतो."

"ह्याची लागण होते का?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

"घरी विचारून कळवतो."

चार दिवस काही कळलं नाही. बायकोने त्या चार दिवसांत मला एकच वाक्य निरनिराळ्या वेळी ऐकवलं: "पिठल्यावर भागत होतं, ते तुम्हाला बघवलं नाही." मुलगी म्हणाली, "आई, त्यांना जेवू तरी दे."

पाचव्या दिवशी व्याह्यांचं कार्ड आलं. मार्गशीर्षापर्यंत थांबायचं कारण दिसत नाही, वैशाखात तीन मुहूर्त आहेत, इंजेक्शनाच्या तारखा उलट टपाली कळवाव्या म्हणजे त्या सोडून एक धरता येईल, असं त्यात होतं. विहीणबाईंचा नमस्कार खाली वेगळ्या अक्षरात होता.

तारखा मी त्याच दिवशी टपालात टाकल्या.

लग्न वैशाखात, ठाण्याला, सकाळच्या मुहूर्तावर लागलं. कन्यादान मी केलं. आई खडवलीहून आदल्या दिवशीच आली होती. तिसऱ्या खेपेचं पहिलं इंजेक्शन लग्नानंतर चौथ्या दिवशी झालं.