ताके तपासणारे आबा

या जगात बिनखोट असं काही असू शकतं, यावर माझ्या मेहुणीच्या सासऱ्यांचा अजिबात विश्वास नाही. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. खानदेशातून सुरतेला आल्यापासून लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, ते मागावरून उतरलेले ताके, कापडाचे अख्खे तागे, तपासतात. जाड भिंगांचा चष्मा लावून कापड नाकाशी धरायचं आणि तुटका धागा दिसला की खडूने फुली मारायची. संध्याकाळी खातं सुटतं, पण आबांची तपासणी सुटत नाही. बारडोलीला एका लग्नात नवरी पाया पडायला वाकली, तर यांनी आशीर्वादाआधी तिच्या शालूचा काठ उलटा करून पाहिला. “काठमा दोन धागा तुटेल शेतस,” म्हणाले आणि मग अष्टपुत्रा सौभाग्यवती वगैरे. माझ्या घरी आले की चहाच्या आधी पडद्यांचा निकाल लागतो.

त्यांची धाकटी लेक रायफल चालवते. कॉलेजात नेमबाजी शिकली आणि शिकता शिकता देशाच्या संघापर्यंत जाऊन पोचली. राज्याचं पहिलं पदक तिने आणून आबांच्या हातात ठेवलं, तेव्हा त्यांनी पदक बाजूला सारून फीत तपासली. “रिबीन पोकळ विणेल शे.” पोरगी हसली खरी, पण परदेशी स्पर्धेला निघताना मला म्हणाली, “दाजी, पदकाचं राहू द्या. आबा एकदा तरी ‘चांगलं शे’ म्हणतील का हो?” मी बापाची बाजू घेऊन काहीतरी थातूरमातूर बोललो. मला स्वतःलाही तशी आशा नव्हती.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सामना बघायला आबा आमच्याकडे आले, कारण आमचा टीव्ही मोठा. आपल्या तीन मुली कांस्यपदकासाठी उभ्या होत्या. आम्ही श्वास रोखून गुण मोजत होतो आणि आबा जॅकेटं तपासत होते. लेकीच्या खांद्यावरची शिवण त्यांना पसंत नव्हती. मग समोरच्या संघाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “यास्नं बी तसंच.” आबांच्या तपासणीत आपला-परका हा भेद नसतो.

दोन्ही संघ बरोबरीत आले आणि शेवटची गोळी आमच्या पोरीच्या वाट्याला आली. तिने फार वेळ घेतला. इतका वेळ घेऊ नये हे मलाही कळत होतं. गोळी सुटली आणि पडद्यावरचा काळा ठिपका मधलं वर्तुळ सोडून चांगलाच बाहेर दिसला. संघ चौथा आला. माझ्या बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. आयुष्यभर शोधावी अशी ढळढळीत खोट आबांच्या समोर होती, आणि आबा मांडीवरच्या हातांकडे बघत बसले होते.

तासाभराने तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन आबांच्या हातात दिला. रडून डोळे सुजलेले, तरी आवाज सरळ ठेवून तिने विचारलं, “आबा, शेवटली गोळी पाही का?”

“नही बेटा,” आबा म्हणाले. “माले काही दिखनं नही. चष्मा घर राही गया.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. तिला तो स्पष्ट दिसत होता. ती बराच वेळ त्या चष्म्याकडे बघत राहिली, मग ओढणीने डोळे पुसून म्हणाली, “बरं झालं, आबा.”

“जेवनी का?” आबांनी विचारलं.

मला आबांबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती. ते उठले, चपला घातल्या आणि निघाले. दारातलं आमचं नवं पायपुसणं एका बाजूने हातभर उसवलं आहे. आबा त्यावरून तसेच निघून गेले.