बाहेरच्या खोलीतले तुरुंगशास्त्री

चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं सोडतं. मी यंदा गणपतीपुढे हात जोडून निंदा सोडली. चार महिने कुणाबद्दल वाईट बोलणार नाही! सोपं वाटलं होतं हो. पण नेमक्या त्याच चार महिन्यांत आमच्या चिंचवडच्या घरात, बाहेरच्या खोलीत, रोज संध्याकाळी तुरुंगावर परिषद भरायला लागली. किस्से वेळच्या वेळी सांगून टाकले तर विरून जातात. दाबून ठेवले की लोणच्यासारखे मुरतात. तुळशीचं लग्न लागलं, व्रताचं उद्यापन झालं. आता बरणी उघडते.

परिषदेत माणसं चार. समोरचे अण्णा, खादीवाले, बेचाळीस साली सात महिने तुरुंगात जाऊन आलेले. कोपऱ्यावरचे तात्या, इंग्रजांच्या काळातले जेलर, आता पेन्शनीत. शेजारचे दिनूभाऊजी, पिंपरीच्या कारखान्यात फिटर आणि लाल बावट्याचे. चौथे आमचे हे. देहूरोडच्या सरकारी डेपोत कारकून असल्यामुळे यांना मत नाही, यांचं काम मान डोलावण्याचं आणि "अगं, चहा!" म्हणण्याचं.

त्याच दिवसांत, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या रखमाचा नवरा सोपान दोन वर्षांची शिक्षा भोगून सुटला. रेशनच्या टंचाईत ज्वारीचं पोतं उचललं होतं त्यानं. आता त्याला काम हवं होतं आणि कुणी दारात उभं करत नव्हतं. रखमा राखेचा हात कपाळाला लावून म्हणायची, "बाई, सजा त्यानं भोगली. आता आमी पोरंबाळं कशापायी भोगतोय?"

मी म्हटलं, "देव आहे गं. आणि आपल्या बाहेरच्या खोलीत तर केवढी जाणती माणसं बसतात!"

खरंच आशा होती मला.

*

अण्णांच्या तुरुंगाची गोष्ट मी निदान चाळीसदा ऐकली असेल. दर वेळी कोठडी दोन हातांनी लहान व्हायची आणि भाकरीतले खडे वाढायचे.

एकदा रंगात येऊन म्हणाले, "वहिनी, खरी समता मी पाहिली ती तुरुंगात! जात नाही, पात नाही. सगळे एका पंक्तीला!"

मला फार बरं वाटलं ऐकून. मी विचारलं, "आणि स्वयंपाक कोण करायचं हो, अण्णा?"

"आम्ही राजकीय कैदी, बी क्लासचे. आम्हाला सी क्लासचा एक कैदी दिलेला असायचा रांधायला."

"तो बसायचा का पंक्तीला?"

"छे! तो वाढायचा ना!"

*

तात्यांचं मत ठाम. शिक्षा म्हणजे फटके, बेडी आणि खडी फोडणं. सुधारणा बिधारणा सगळी थेरं! "इंग्रज होता तोवर तुरुंगाचा दरारा होता. माझ्या हाताखालून गेलेला माणूस पुन्हा म्हणून चोरी करत नसे!"

दिनूभाऊजींनी विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं, तात्या?"

"कसं म्हणजे? तीच माणसं दर दोन-तीन वर्षांनी आत येत. स्वतः सांगत मला, 'साहेब, या खेपेला आम्ही काही केलेलं नाही!'"

यावर आमच्या ह्यांनी मान डोलावली.

*

दिनूभाऊजींचं सगळ्यात सोपं. खासगी मालमत्ता गेली की चोरी गेली, चोरी गेली की तुरुंग गेले! क्रांतीनंतर तुरुंगांत म्हणे शाळा आणि वाचनालयं निघणार आहेत. "चोर हा गुन्हेगार नाही, वहिनी. तो व्यवस्थेचा बळी आहे."

पुढच्याच आठवड्यात आमच्या दारातून त्यांच्या सायकलचा दिवा गेला. काय तो थयथयाट! "पोलिसात द्या साल्याला! चांगला सोलून काढला पाहिजे!"

मी पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, "भाऊजी, बळी ना तो?"

"वहिनी, तुम्हाला शास्त्र कळत नाही. कारखाना ही खासगी मालमत्ता. सायकलचा दिवा ही वैयक्तिक मालमत्ता. दोन्हींत फार फरक आहे!"

तात्या एवढे खूश झाले की पहिल्यांदाच दिनूभाऊजींना शेजारी बसवून घेतलं.

*

मग ठरलं की तुरुंगांच्या सुधारणेसाठी सरकारला अर्ज पाठवायचा. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली, तुरुंग अजून इंग्रजांचेच! पहिलं वाक्य 'तुरुंगातील' इथपर्यंत बिनविरोध गेलं. पुढे अडलं. अण्णा म्हणाले 'बांधव'. तात्या म्हणाले 'गुन्हेगार'. दिनूभाऊजी म्हणाले 'शोषित'. श्रावण संपला, गौरी-गणपती येऊन गेले, भाद्रपद संपला, अर्ज 'तुरुंगातील'च्या पुढे सरकेना.

तेवढ्या दिवसांत सोपान अंगणात किती वेळा येऊन गेला असेल! रखमाच्या जोडीला विहिरीचं पाणी ओढून द्यायचा, लाकडं फोडायचा. एकदा मी म्हटलं, "अहो, आत काय असतं ते ह्याला तरी विचारा की."

मग अण्णा घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, हा तात्त्विक विषय आहे."

सोपान बाहेर कुऱ्हाड बाजूला ठेवून उभा होता. त्यानं ऐकलं. म्हणाला, "बाई, आत ढेकणं लई हाईत. तेवढं लिवा म्हणावं."

नाही लिहिलं कुणी.

*

आणि मग देवानं ऐकलं. पिंपरीच्या एका कारखान्यात माल बांधायच्या खात्यात माणसं घेणार होते. सोपान तुरुंगात सतरंज्या विणायला शिकला होता, हात चांगला होता. साहेबानं पाहिलं आणि तो घ्यायला तयार झाला. अट एकच: गावातल्या तीन प्रतिष्ठित गृहस्थांनी वर्तणुकीच्या दाखल्यावर सह्या करायच्या, आणि कागद सोमवारी सकाळी दहाच्या आत पोचला पाहिजे.

शनिवारी रखमा कागद पदरात गुंडाळून घेऊन आली. तीन प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या खोलीत आयतेच बसलेले!

तात्या म्हणाले, "मी? जन्मभर यांना आत ठेवलं, आता यांच्यासाठी सही करू?"

अण्णा म्हणाले, "हृदयपरिवर्तनावर माझी श्रद्धा आहे. पण ते सावकाश होतं. वर्षभर पाहू या, मग करू."

दिनूभाऊजी म्हणाले, "एकट्या सोपानला नोकरी मिळाल्यानं व्यवस्था बदलत नाही, रखमाबाई. उलट लढ्याची धार जाते."

आमचे हे म्हणाले, "मी सरकारी नोकर."

मी म्हटलं, "मी करते सही." तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं. चौघेही हसले!

रखमा कागद माझ्या हातात देऊन गेली. जाताना दारातल्या चपला सरळ लावून गेली, चौघांच्याही.

*

रविवारी दुपारी चार वाजता परिषद पुन्हा भरली. आमच्या बाहेरच्या खोलीला दोन दारं, दोन्हींना बाहेरून कडी आणि एक गजांची खिडकी. मी चहा नेऊन दिला, बाहेर आले आणि दोन्ही कड्या लावल्या.

पहिला चहा संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग अण्णांना परसाकडे जायचं होतं.

"वहिनी, दार अडकलंय वाटतं."

"नाही अण्णा, लावलंय." मी खिडकीतून सोपानचा कागद आणि टाक-दौत आत सरकवली. "तीन सह्या झाल्या की सुटका."

काय गोंधळ झाला! दिनूभाऊजी ओरडले, "ही हुकूमशाही आहे!" अण्णा म्हणाले, "मी उपोषण करीन!" मी म्हटलं, "अवश्य करा, आज भानुसप्तमी आहे, पुण्य लागेल." आमचे हे गज धरून हळूच म्हणाले, "अगं, मी तर यांच्यात नाही ना?" मी म्हटलं, "तुम्ही साक्षीदार. साक्षीदारांनाही थांबावं लागतं."

तात्यांनी मात्र खोलीभर नजर फिरवली. दारं ढकलून पाहिली, गज हलवून पाहिले. मग खाली बसले, टाक उचलला आणि सगळ्यांच्या आधी सही केली. अण्णा थक्क झाले. "तात्या, तुम्ही? अहो, पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत!"

तात्या कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "तीस वर्षं मी त्या बाजूला होतो हो."

तीन सह्यांचा कागद सोमवारी वेळेत पोचला. तेव्हा बायांनो, तुमच्याही बाहेरच्या खोलीत जाणती माणसं बसत असतील, तर एवढं करा. दाराची बाहेरची कडी नीट लागते का, ते एकदा बघून ठेवा.