मामांच्या पसंतीचं कार्ड

खामगावात आमच्या मामांना कोणीही फोन करा, उत्तर एकच. "होऊन राह्यलं." म्हणजे, होतंय. समोर नवरीचा बाप असो की खुद्द नवरदेव. लग्नाची शूटिंग मामा करायचे, एडिटिंग आम्ही दोघं. आणि कॉम्प्युटर इतका म्हातारा, की ड्रोनचा एक शॉट लावला तरी त्याला धाप लागायची. जोडप्याला पोरगं झालं तरी लग्नाचा व्हिडिओ आपला होऊनच राह्यलेला.

मामा म्हणजे नात्यानं माझे कोणी नाहीत, अख्ख्या गल्लीचे मामा. दुकान जिन्याखाली, खिडकी नाही. दिवसभर त्याच मंगलाष्टका, तीच पाठवणीची रडारड, आणि व्हिडिओ किती शिजला ते दाखवणारी, पडद्यावर मुंगीसारखी सरकणारी ती रेंडरची पट्टी. जीव रमवायला मी मामांची नक्कल करायचो. आधी बारीक खोकला, मग लांब श्वास, मग "होऊन राह्यलं". एकदा मामांनी मागून ऐकलं. मला वाटलं, आता एक ठेवून देतात. तर त्यांनी फोनच माझ्या हातात दिला. "घे. आजपासून मामा तू."

आधी नुसता दुकानात अडकलो होतो, आता मामांच्या गळ्यातही अडकलो.

पुण्याच्या एका स्टुडिओनं मला बोलावलं, दिवाळीपर्यंत या म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "जाय ना. नवं ग्राफिक्स कार्ड आलं की कॉम्प्युटर पळन, मंग मले एकट्याले झेपते. तोवर थांब."

मी थांबलो, आणि मामा कार्ड पाहायला लागले. पोरीला स्थळ पाहावं तसं. कॉम्प्युटरचा दुकानदार फोटो पाठवायचा, मामा चष्मा कपाळावर चढवायचे. "आठ जीबी? म्हणजे दोन एकरवाला जावई. पोरगी राबून राबून मरन." बारा जीबीवालं आलं. "हे लवकर तापते म्हणतात. तापट माणूस घरात नको." सोळावालं आलं, तर आमचा पॉवर सप्लाय त्या घराण्याला शोभेना. एकदा सगळं जुळलं, तेव्हा म्हणाले, "थांब बे, याचा लहान भाऊ येऊन राह्यला बाजारात."

"मामा, अशानं तं पोरगी घरातच म्हातारी होते."

"होऊ दे. कोणाले जड झाली?" असं म्हणून माझ्याकडे न पाहता त्यांनी चहा ओतला. माझ्या कपात जास्त.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. मामा चिखलीला शूटिंगला गेले होते. मी दुकानदाराला फोन लावला. खोकला, लांब श्वास. "भाऊ, ते बारावालं पाठोन दे."

खोकं आलं तेव्हा मामा नेमके दुकानात. उलटसुलट पाहून म्हणाले, "कोणं बोलावलं हे?"

मी कॉम्प्युटरचं झाकण पुसायला लागलो.

"फोनवर आवाज कोणाचा होता?"

"तुमचा."

"मंग मीच बोलावलं असन," मामा म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.

दुपारभर रेंडर होत राहणारं लग्न त्या दिवशी चहाला उकळी फुटेपर्यंत संपलं. भरलेल्या पट्टीकडे मामा बराच वेळ बघत बसले. पाहुणे गेल्यावर मांडवात बसतात तसे.

मी पुण्याला निघालो तेव्हा फोन वाजला. सवयीनं त्यांनी तो माझ्यापुढे धरला. माझ्या खांद्यावरची बॅग दिसली, तसा हात मागे घेतला. पडद्यावर काम कधीच संपलं होतं. मामांनी खोकला काढला, लांब श्वास घेतला.

"होऊन राह्यलं."

मला ती माझीच नक्कल वाटली. आणि खरं सांगतो, काही जमली नाही त्यांना.