वाकड्या तोंडाचा पाना

माझा उजवा हात खांद्यापर्यंत जनरेटरच्या डब्यात होता. पलीकडच्या दारातून इश्तियाकचा हात आत होता. मधे सायलेन्सरचा पाइप, त्यामुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. लखनौच्या महानगर भागातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मागच्या अंगणातलं हे मशीन. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याला पत्र्याची पेटी घालतात, तिला कॅनोपी म्हणतात. आवाज बाहेर येत नाही हे खरं. माणसाचा हातही आत जात नाही.

पाइपच्या जोडाला चार बोल्ट असतात. बोल्टचं डोकं पलीकडे, नट अलीकडे. डोकं कोणी धरून ठेवलं नाही तर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरतो आणि नट सुटत नाही. म्हणून इश्तियाक पलीकडून डोकं धरायचा आणि मी अलीकडून नट खोलायचो. कैक वर्षं हे असंच चाललं होतं. एजन्सीत आमच्या जोडीला सगळे ओळखायचे.

त्या दिवशी त्याचा पाना जरा तिरका बसला होता. मी ओरडलो, "चाभी घुमाओ!"

लखनौचे मिस्त्री पान्याला चाभी म्हणतात. मी पानाच म्हणतो, आणि इश्तियाकलाही आता पाना कळतो. पण बाहेर हॉस्पिटलचा गार्ड उभा होता. परक्या माणसासमोर मी इथल्यासारखं बोलतो. गार्डला वाटलं त्यालाच सांगितलं. त्यानं पॅनलवरची इंजिनाची चाभी फिरवली.

काही झालं नाही. बॅटरीची तार मी आधीच काढली होती. आत हात घालायच्या आधी तार काढायची ही माझी पद्धत आहे, ती मी कोणासाठी मोडत नाही. पण तार जागेवर असती तर पंखा फिरला असता, आणि इश्तियाकचा हात पंख्याला लागून होता. तिथून जाणाऱ्या एका सिस्टरनं हे पाहिलं आणि वर कळवलं.

आमच्या एजन्सीचे मालक शुक्लाजी. वयानं माझ्या मुलाएवढे. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ऑफिसात बोलावलं. बोलणं सगळं हिंदीत झालं, मी मराठीत लिहितो.

"चाचा, हॉस्पिटलवाले कॉन्ट्रॅक्ट काढून घेतो म्हणतायत."

"बॅटरीची तार काढलेली होती."

"काल काढलेली होती. एखाद्या दिवशी नसेल. दोन माणसं दोन बाजूंनी, एकमेकांना दिसत नाहीत, ओरडून काम करतात. हे बंद."

"मग नट कसा खोलू? फुंकर मारून?"

"वाकड्या तोंडाची चाभी मिळते. अँगल हेड. कंपनीचे लोक एकटेच करतात. तुम्ही मार्केटला जा, बघून घ्या. महाग नको, पण टिकाऊ पाहिजे."

"आणि इश्तियाक?"

ते टेबलावरचा फोन उगाच इकडून तिकडे सरकवत राहिले. मग म्हणाले, "काम एका माणसाचं झालं तर मी दोन माणसं कशी पाठवू, चाचा?"

माणूस वाईट नाही. माझी बायको आजारी होती तेव्हा त्यांची गाडी दाराशी उभी असायची. म्हणून मी पान्याचे पैसे घेतले आणि उठलो.

इश्तियाक माझ्याच वयाचा. एका कानानं त्याला ऐकू येत नाही. घरात तो आणि त्याची बायको, मुलगी सासरी. हे काम गेलं तर या वयात, असल्या कानानं, त्याला दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण एवढा हिशेब मला येतो.

पाठीमागून काही करणं मला जमत नाही. तेलीबागच्या चौकात चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला. मी त्याला 'तू' म्हणतो, तो मला अजूनही 'आप' म्हणतो. लखनौचा माणूस.

"तो चलिए," तो म्हणाला. "देखें तो सही, मेरी जगह कौन आ रहा है."

दोघंही मार्केटला गेलो.

वाचणाऱ्यांसाठी हा पाना काय असतो ते सांगतो. साध्या पान्याचं तोंड दांड्याला किंचित तिरकं असतं. अडचणीच्या जागी दांडा थोडासाच हलतो. थोडा फिरवायचा, काढायचा, उलटा करून परत लावायचा, की पुढची पकड मिळते. वाकड्या तोंडाच्या पान्याला दोन्ही टोकांना एकाच मापाची तोंडं असतात. एक थोडं वळलेलं, दुसरं पुष्कळ वळलेलं. दांडा एका बाजूनं येतो आणि तोंड कोपऱ्यात वळून बोल्ट पकडतं. म्हणजे पलीकडून इश्तियाकचा हात जे करायचा, ते हे तोंड अलीकडून करतं.

दुकानदारानं आधी एक चमकणारा सेट काढला. इश्तियाकनं खिशातून छोटी कानस काढली आणि पान्याच्या कडेला हळूच घासली. कानस लोखंडात रुतली.

"अरे बड़े मियाँ, माल खराब करताय!" दुकानदार ओरडला.

"माल खराबच आहे," मी म्हणालो. पोलाद कडक असेल तर कानस वरून घसरते. रुतली तर लोखंड नरम. असल्या पान्याचं तोंड दोन वेळा जोर लावला की फाकतं.

मग त्यानं इम्पोर्टेड दाखवला. तो खरोखर चांगला होता. पण शुक्लाजींनी जेवढं दिलं होतं त्यात एकच आला असता, आणि आम्हाला तीन मापं हवी होती. मी तो बाजूला सारला. तिसरा सारला. चौथ्याचं तोंड सैल म्हणून सारला. मी आमच्या मशीनचा जुना बोल्ट बरोबर आणला होता, त्यावर लावून बघत होतो.

दुकानदार वैतागला. "चाचा, चाभी घ्यायची आहे की सून बघायची आहे?"

"बहू तो फिर भी निभ जाती है," इश्तियाक म्हणाला.

शेवटी खालच्या फळीवरून दुकानदारानं काळसर रंगाचे सुटे पाने काढले. देशी, बिनचमकीचे. कानस घसरली. एक बोल्टावर लावला तर हलेना. किंमतही बसत होती. मी तो हातात घेऊन खालीवर केला आणि म्हणालो, "डोकं जाड आहे. पाइप आणि बोल्टच्या मधे जाणार नाही."

जाड नव्हतं. मला दिसत होतं.

इश्तियाकनं पाना माझ्या हातातून घेतला. पिशवीतून स्वतःचा पाना काढला. त्या जागेत जावा म्हणून त्यानंच तो ग्राइंडरच्या चाकावर घासून पातळ केलेला. दोन्ही शेजारी धरले. नवा आणखी पातळ होता.

"जाधव साहब, औज़ार पर झूठा इल्ज़ाम मत लगाइए."

"मी म्हणतो जाड आहे."

"आप तो कहेंगे ही." त्यानं दुकानदाराला सांगितलं, "तेरा, सत्रह, उन्नीस. तीनों बाँध दीजिए."

बाहेर रस्त्यावर मी त्याला म्हणालो, "परत करू. सांगू, मिळाला नाही." तो थांबला. म्हणाला, "मग शुक्ला दुसऱ्याला पाठवेल. तो मघाचा चमकणारा सेट उचलेल. तुम्ही जोर लावाल, तोंड फाकेल, कोपर पत्र्यावर जाईल. कोपर तुमचं." मी पाने पिशवीत टाकले.

पुढच्या कामाला शुक्लाजी स्वतः आले. मी आधी बॅटरीची तार काढली. वळलेलं तोंड अलीकडूनच बोल्टच्या डोक्यावर बसवलं, दांडा फ्रेमला टेकला, आणि बोल्ट जागेवर अडकला. दुसऱ्या हातानं नट खोलला. चारही बोल्ट एकट्यानं काढले, एकट्यानं परत लावले. इश्तियाक दाराशी उभा राहून बघत होता. कोणी त्याला हाक मारली नाही.

"बस," शुक्लाजी म्हणाले. "झालं ना, चाचा?"

मी हात पुसले. "एकच माणूस पाहिजे ना?"

"हो."

"मग एक दिवस मी, एक दिवस इश्तियाक."

"चाचा, मला तुम्ही पाहिजे."

"मी अर्धाच आहे. अर्धा पाहिजे असेल तर दुसरा अर्धा हा."

इश्तियाक उसळला. "ख़ैरात नहीं चाहिए मुझे!"

"खैरात कोण देतंय?" मी म्हणालो. "पाना तू निवडलास. मी तर जाड म्हणत होतो. ज्यानं निवडला त्यानं वापरायचा."

शुक्लाजींनी पाना उचलून इश्तियाकपुढे धरला. मग त्याला म्हणाले, "दाखवा करून." त्यानं बाह्या वर केल्या. त्यानं माझ्यापेक्षा लवकर केलं असं शुक्लाजी म्हणतात. मला तसं दिसलं नाही.

तेव्हापासून असंच चाललंय. पैसे दोघांनाही निम्मे. माझा मुलगा अलीगंजला राहतो, तो फोनवर म्हणतो, "बाबा, इतनी ज़िद किसलिए?" मी त्याला मराठीत उत्तर देतो, ते त्याला समजतं. मी जातो त्या दिवशी इश्तियाक नसतो, तो जातो त्या दिवशी मी नसतो. डब्यात हात घातला की पलीकडून कोणी हूं म्हणत नाही. काम मात्र नीट होतं. हॉस्पिटलकडून परत तक्रार आली नाही.

एजन्सीतले लोक मला विचारतात, स्वस्तातला वाकड्या तोंडाचा पाना कसा निवडायचा. मी सांगतो, सेट घेऊ नका, लागतील तेवढे सुटे घ्या. चमक बघू नका, कानस लावा. डोक्याची जाडी आधी बघा. आणि त्या पान्यानं ज्याचं काम जाणार आहे त्याला दुकानात बरोबर न्या. त्याच्याइतकं पारखून कोणी घेत नाही.