बोटीच्या पेटीतला कोट

आमच्या चर्चमध्ये शिवणकाम बघणाऱ्या बाईंना सगळे कात्रीकाकू म्हणायचे. गळ्यात दोरीला कात्री अडकवलेली असते म्हणून, असं त्या स्वतः सांगत. त्यांच्या तोंडाचा प्रसाद मिळालेले लोक वेगळं कारण सांगत. बटणं तुटलेला शर्ट दान करायला आणणाऱ्या बँकेच्या मॅनेजरला त्यांनी चारचौघांत सुनावलं होतं, "हा घालून उद्या बँकेत जाऊन दाखवा, मग घेते." बिचारा शर्ट घेऊन आल्या पावली परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी बटणं लावून आला.

पण मी लिहितेय ते त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. त्या चुकीबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

चर्चच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि त्यावर कपड्यांचे दोन ढीग असत. आमच्या लोकांनी दिलेले कपडे पहिल्या ढिगात. ते मोठ्या लाकडी पेटीत भरून बोटीने समुद्रापार जात. तिथे आमच्या काही सिस्टर दवाखाना आणि शाळा चालवत. दुसऱ्या ढिगातले कपडे दुसऱ्या शहरातल्या चर्चमधून येत आणि आमच्या वस्तीतल्या गरजू घरांत वाटले जात. ही अदलाबदल काकूंनीच ठरवलेली. दिलेला कपडा देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फिरता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई एका लॉन्ड्रीत कामाला लागली आणि आमचं घर त्या दुसऱ्या ढिगाच्या यादीत गेलं. त्या वर्षी बोट ठरल्यापेक्षा चार दिवस आधी सुटणार होती. घाईघाईत काकूंनी पेट्या बांधल्या, आणि बोटीच्या ढिगातला एक तपकिरी कोट आमच्या गाठोड्यात आला.

आईला तो कोट फार आवडला. आरशासमोर ती दोनदा वळून बघत होती. बाबा गेल्यापासून मी तिला आरशासमोर पाहिलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपल्यावर मागच्या बाकावरून डॉक्टरांच्या बायकोचा आवाज आला, "अगं, हा तर माझा कोट! किती शोभतोय तुला!" त्या मनापासून बोलल्या. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, आणि तेच वाईट झालं. सगळे हसऱ्या चेहऱ्याने आईकडे वळले. आईने घरी येऊन कोट काढला, घडी घातली आणि माझ्या हाती काकूंकडे परत पाठवला. त्यानंतर ती चर्चला आली नाही.

काकू आमच्या घरी आल्या. आईने दार अर्धंच उघडलं.

"चूक माझी आहे. ढीग माझे, हात माझे. तू देवाशी कशाला अबोला धरतेस?" काकू म्हणाल्या.

"चूक तुमची, काकू. पण दिसला तो माझ्या अंगावर."

कात्रीकाकू आल्या पावली परत गेल्या.

दीड महिन्यावर माझं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी. पांढरा फ्रॉक इथल्या सिस्टर देणार होत्या, त्याची चिंता नव्हती. पण वेदीपर्यंत प्रत्येक मुलाला त्याचे आईवडील हात धरून नेत. माझे बाबा नव्हते, आणि आई म्हणाली, "सिस्टरचा हात धर. मला आग्रह करू नकोस." मी आग्रह केला नाही. उशीत तोंड खुपसून रडले मात्र पुष्कळ.

त्याच्या आदल्या रविवारी फादरांच्या सूचना संपल्यावर काकू उठून उभ्या राहिल्या. "नवी पेटी भरायची आहे. आपल्याला अंगावर घालायला लाज वाटेल तो कपडा समुद्रापार जाणार नाही. तेव्हा पुढच्या रविवारी प्रत्येकाने पेटीसाठी आलेला, दुसऱ्या कुणी दिलेला एक कपडा घालून मिस्साला यायचं. फादर, तुम्हीसुद्धा."

एकच गलका झाला. "अहो, पण त्या दिवशी मुलांचं कम्युनियन आहे! फोटोंचं काय?" कुणीतरी ओरडलं.

"फोटोत तोंड येतं ना? मग ते धुऊन या," काकू म्हणाल्या.

मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. तिला ते पटलंच नाही. "थट्टा चालवली आहे का आपली?" म्हणाली. तरी त्या रविवारी ती माझ्याबरोबर निघाली, पण चर्चसमोर आल्यावर पलीकडच्या फुटपाथवरच थांबली.

तिथून आम्ही बघत राहिलो. मॅनेजरसाहेबांची पँट घोट्याच्या चार बोटं वर. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांचा स्वेटर गुडघ्यापर्यंत. फादरांच्या सदऱ्याच्या कोपरांना दोन रंगांची ठिगळं. सगळे एकमेकांना बघून हसत होते आणि स्वतःकडे बघून लाजत होते. आईच्या ओठांची कड हलल्यासारखी मला वाटली, पण पाय हलेनात.

मग डॉक्टरांच्या बायको आल्या. अंगात कुणाचातरी विटका निळा कोट, तोही एक माप लहान. पायऱ्या चढताना त्याची पाठ टर्रकन उसवली. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, दोन्ही हात मागे नेऊन फाटलेलं झाकायला बघू लागल्या. चेहरा लालेलाल. "पिन आहे का हो कुणाकडे?"

लॉन्ड्रीत काम करणाऱ्या बाईच्या ब्लाउजला पिना नसतील असं होत नाही. आईने माझा हात सोडला, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "हलू नका, टोचेल," ती म्हणाली. चार पिनांत तिने शिवण मिटवली, वरून हात फिरवून बघितला. डॉक्टरांच्या बायकोचे डोळे भरून आले होते. "त्या दिवशी मी तुला असंच उभं केलं होतं, नाही का गं?" त्या हळूच म्हणाल्या. आईने त्यांची कॉलर सरळ केली, मागे वळून मला हाक मारली, आणि माझा हात धरून आत शिरली.

वेदीपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. तो चालण्याचा आनंद मी अजून विसरले नाही, आणि त्यासाठी काकूंचे आभार किती मानले तरी मला कमीच वाटतात.

मिस्सा संपल्यावर काकू दारात भेटल्या. डॉक्टरांच्या बायकोने उतरवलेला तो निळा कोट आईने हातात घेऊन उलटा केला.

"काकू, अस्तर पार गेलंय. शिवण कच्च्या दोऱ्याची. हा असा पाठवणार? तिकडच्या बायका काय म्हणतील आपल्याला?"

काकूंनी गळ्यातली कात्री काढून तिच्यापुढे धरली. "मंगळवारी लॉन्ड्री किती वाजता सुटते तुझी?"

"पाचला."

"मग साडेपाचला ये."

आई पाच वाजून दहा मिनिटांनीच मागच्या खोलीत हजर होती.