हाराचा साचा

हमरापुरात गणपतीचे डोळे आखणारे हात पुष्कळ, पण नम्रताने आखलेल्या डोळ्यांना गिऱ्हाईक वेगळं. पेणचे व्यापारी मूर्ती उचलताना विचारायचे, डोळे थोरल्या सुनेचेच ना? कोलाडहून लग्न होऊन आली तेव्हा तिला ब्रश धरताही येत नव्हता. सासू जनीबाईने आधी उंदरांवर, मग मूर्तींच्या नखांवर तिचा हात बसवून घेतला, आणि स्वतःचा हात थरथरायला लागल्यावर डोळ्यांचा बारीक ब्रश तिच्याकडे दिला. तेव्हापासून घरात नम्रताच्या शब्दाला वजन आलं. तिला ते ठाऊक होतं, जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा ना.

मग धाकट्या दिराचं, आदर्शचं लग्न झालं आणि रोह्याची किमया घरात आली. पोरगी गोड, कामाला चटपटीत, आणि रेझिनचं वेड घेऊन आलेली. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतला मधासारखा द्रव. दोन्ही एकत्र ढवळून साच्यात ओतायचा, की दुसऱ्या दिवशी काचेसारखा घट्ट होतो. त्यात फुलं, पानं घालून किमया किल्ल्यांना लावायच्या कीचेन करायची आणि फोनवर फोटो टाकून विकायची. बघता बघता ऑर्डरी येऊ लागल्या. जनीबाई शेजारणींना मुद्दाम बोलावून धाकटीचं काम दाखवायला लागली. थोरलीचं काम दाखवायला तिने आजवर कोणाला बोलावलं नव्हतं. ते काय, रोजचंच होतं.

नम्रताच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. ओटीवर किमयाचं कौतुक सुरू झालं की इकडे हिचा ब्रश घसरायचा. एकदा तर एक अख्खा गणपती तिरळा झाला. नवरा दिनानाथ म्हणाला, झोप झाली नाय का? तिने मूर्तीचे डोळे पुसून पुन्हा आखले.

किमयाला एकच गोष्ट नडत होती, ती म्हणजे साचे. सिलिकॉनचे साचे महाग, आणि प्रत्येक आकाराला नवा घ्यायचा म्हणजे कमाई त्यातच जायची. नम्रताने ठरवलं, हिच्या नाकावर टिच्चून फुकटातले साचे करून दाखवायचे. किमयाच्या कपात उरलेलं रेझिन ती गुपचूप घरच्या मूर्तींच्या कारखान्यामागे नेऊ लागली.

पहिल्यांदा तिने घरचाच प्लास्टरचा साचा घेतला. शाडूची मूर्ती त्यातून अलगद सुटते, आतून साबणाचं पाणी फिरवलं की झालं. रेझिन मात्र प्लास्टरच्या छिद्रांत शिरून असं बसलं, की हातोडी घ्यावी लागली आणि साच्यासकट आतला तुकडाही फुटला. मूर्तींच्या रबरी साच्यात ओतलं, तर वरचा थर चिकटच राहिला. श्रीखंडाच्या डब्यातून तुकडा चांगला निघाला, पण डबा केवढासा. शेवटी युक्ती सापडली ती सांडासांडीतून. खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी फळीवर लावलेली होती. तिच्यावर सांडलेलं रेझिन घट्ट झाल्यावर नखानेच उचललं गेलं. मग नम्रताने फळ्यांची चांगली मोठी चौकट केली, आतून सगळीकडे पट्टी लावली, कोपरे बुजवले आणि ती पोत्याखाली लपवून ठेवली. वेळ आली की सगळ्यांसमोर बाहेर काढायची होती.

वेळ आली, पण भलतीच. रोह्याच्या एका नवरीने लग्नातला हार किमयाकडे पाठवला. तो रेझिनमध्ये बसवून तिला भिंतीवर लावायचा होता. किमयाने फुलं जपून वाळवली, त्यांचा रंगही राखला. पण एवढ्या मोठ्या सिलिकॉन साच्याची किंमत ऐकून तिने फोन बाजूला ठेवला. मग नम्रताकडे आली.

"ताई, साच्यातलं तुझ्याइतकं या घरात कोणाला कळत नाय. स्वस्तात कशाचा करू?"

"प्लास्टरचा कर," नम्रता म्हणाली. "साबणाचं पाणी फिरव. सुटतो."

किमयाने एकदाही उलट विचारलं नाही. साचा सुकेपर्यंत नम्रताला जेवण गोड लागत होतं. हार अडकेल, हातोडी लागेल, नवरी बोंब मारेल, मग बघू कोण शेजारणींना बोलावतं.

साचा सुकला. दुपारी किमयाने फुलं ताटात मांडली, रेझिन ढवळलं आणि कप घेऊन साच्यावर वाकली. नम्रता दारात उभी राहून बघत होती.

"तू इथंच थांब हां ताई," किमया म्हणाली. "तू असलीस की मला भ्या नाय वाटत."

नम्रता दोन पावलं आत आली. थांब म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. हात मात्र पुढे गेला. तिने साचा ओढला तो थेट जमिनीवर. त्याचे तुकडे झाले.

आवाजाने जनीबाई आली. तिने तुकडे बघितले, किमयाचं तोंड बघितलं. "जळतेस गो हिच्यावर," ती नम्रताला म्हणाली. "मला दिसत व्हतं."

खोटं काहीच नव्हतं त्यात. पण कपातलं रेझिन गरम होत चाललं होतं, अजून थोडा वेळ गेला असता तर ते कपातच घट्ट झालं असतं. नम्रता धावत मागे गेली आणि चौकट घेऊन आली. किमयाने काही न विचारता रेझिन ओतलं आणि एकेक फूल बसवलं.

दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या, पट्टी सोलली आणि हार स्वच्छ बाहेर आला. जनीबाईने शेजारणींना बोलावलं. साचा थोरलीचा हाय, असं दोनदा सांगितलं आणि कालचं मनावर घेऊ नको म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतके दिवस हवं होतं ते सगळं मिळालं, आणि नम्रताला ते गोड लागेना.

शेजारणी गेल्यावर किमयाने विचारलं, "ही चौकट कधी केलीस?"

प्लास्टरला चिकटेल असं काल सकाळी वाटलं म्हणून केली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. जनीबाई तेच धरून चालली होती.

"तू विचारायच्या आधी," नम्रता म्हणाली. "प्लास्टरला चिकटतं, तेपण माहीत होतं मला."

किमया खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करत राहिली.

"फुलं माझी नव्हती, ताई," ती म्हणाली.

इतके दिवस तो हार घरात होता, पण तो कोणाचा हे विचारावं असं नम्रताच्या मनातही आलं नव्हतं. आता तिने नवरीचं नाव विचारलं. किमयाने ते सांगितलं नाही.