रियाल-दिनारची आडवी रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — मलाही नीट कळत नाही. बोलायला घेतलंय तर ऐका, एवढंच.

मी शिरूरला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त होऊन दौंडला असते. माझी जीभ तिखट. जुने विद्यार्थी हे अजूनही हसत सांगतात — पण ज्यांना ती लागली नाही, तेच भेटायला येतात. शिकवायचे मात्र जीव तोडून. विनिमय दराचा धडा पोरं नुसता घोकतात, तो त्यांनी डोळ्यांनी बघावा म्हणून मी एक प्रकल्प काढला. नकाशातले छोटे छोटे देश निवडले, दोन-दोन देशांच्या चिठ्ठ्या केल्या. एका देशाचं चलन दुसऱ्याच्या चलनात किती भरतं, हे महिनाभर रोज मोबाइलवर बघायचं, दशांशापुढं दोन आकडे लिहायचे आणि शेवटी आलेख काढायचा. डॉलर-रुपया मुद्दाम टाळला, तो सगळे एकमेकांचा उतरवून काढतात. मी केवढी हुशार, नाही का?

केंदूरच्या प्रतीक्षाला ओमान आणि बहारीनची चिठ्ठी आली. वडील शेवंती करायचे. पोरगी अबोल, अक्षर टपोरं. महिन्यानं, एका शुक्रवारी, तिनं आलेख आणला — एक आडवी रेघ. तीस दिवस, तीस ठिपके, सगळे एकाच उंचीवर. ओमानच्या एका रियालला बहारीनचे शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव दिनार. पहिल्या दिवशी तेच, तिसाव्या दिवशी तेच.

मी तो कागद वर्गापुढं धरला. म्हणाले, बाईसाहेबांनी पट्टी ठेवली, रेघ ओढली, झाला महिना! वर्ग हसला. मला वर्ग हसवायला फार आवडायचं — तेही आत्ताच कबूल करून टाकते. ती उभीच राहिली.

"मॅडम, मी रोज बघितलंय. ते हालतच न्हाई."

सगळ्या जगातला बाजार हलतो आणि तुझ्यापुरता तेवढा थांबला होय, असं मी म्हणाले. पोरं पुन्हा हसली. मग मी शिक्षा सांगितली : आकडे मनानं टाकले असं लिहून आण, खाली वडिलांची सही हवी, सोमवारी. नाहीतर प्रकल्पात शून्य.

इथवर चूक झाली. चूक काय, कुणाचीही होते. तेवढंच असतं तर मी हे सांगायला बसले असते का?

रविवारी दुपारी मोबाइल घेऊन बसले. खरे दर काढावेत, तिच्या आकड्यांशेजारी लाल शाईनं लिहावेत आणि वडिलांपुढं ठेवावेत — एवढी खुन्नस माझ्यात होती. त्या महिन्याचे दर काढले. आडवी रेघ. मागच्या वर्षाचे काढले. आडवी रेघ. कित्येक वर्षांचे जुने दर उघडले — तीच रेघ, हलायला तयार नाही. दोन्ही देशांनी आपापलं चलन डॉलरला बांधून ठेवलेलं. डॉलर कुठंही जावो, ही दोघं एकमेकांपासून सरकत नाहीत. आणि स्थिर विनिमय दर हा त्याच धड्यातला भाग होता! मीच शिकवलेला, मीच चार गुणांना विचारलेला.

सोमवारी सकाळी दोघं आली. वडिलांनी शिक्षकांच्या खोलीबाहेर चपला काढल्या. दोन दिवस पोरगी ऐकतच नव्हती, म्हणाले. नीट जेवली नाही, मी बघितलंय हेच धरून बसली. शेवटी त्यांनीच तिला समजावलं — मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्या कशाला खोटं बोलतील? मग त्यांनी कागद पुढं केला.

"पोरीचं चुकलं, मॅडम. पदरात घ्या."

कागदावर त्याच टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती : मी आकडे न बघता मनाने लिहिले. खाली त्यांची सही.

मला ठाऊक होतं. कागद हातात घेताना ठाऊक होतं. एकच वाक्य पुरलं असतं — प्रतीक्षा, तुझं बरोबर होतं. पण खोलीत चार सहकारी बसले होते. त्यांच्यादेखत, स्वतःचाच धडा विसरलेली बाई व्हायचं? मी कागदाची घडी घालून तो फाइलमध्ये ठेवला. आणि — हे सांगायलाच मघापासून गोल गोल फिरतेय — तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"कबूल केलंस, बरं झालं. खरं बोलायला धाडस लागतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. आपण खरंच रोज बघितलं होतं ना, हे ती मनातल्या मनात तपासत असावी, असं मला वाटलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी गप्प बसले.

आलेख मात्र पुन्हा काढून आण, असं मी तिला सांगितलं. दुसरी चिठ्ठी देता आली असती. दिली नाही, कारण मग का बदलली हे सांगावं लागलं असतं. महिन्यानं तिनं नवा कागद आणला. रेघ छान वरखाली जाणारी. कुठं शून्य पूर्णांक एक्क्याण्णव, कुठं एक पूर्णांक शून्य चार. ठिपके रंगवलेले, समास आखलेला. तिसांतला एकही आकडा खरा नव्हता. तिला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि ती हे कुणाकडून शिकली, तेही मला माहीत होतं.

पुढं ती कुठं गेली, काय करते, मी कधी विचारलं नाही. केंदूरचं कुणी भेटलं की मी विषय बदलते.

तो दुसरा आलेख आणला, त्या दिवशी ती टेबलासमोर मान खाली घालून उभी होती. मी तिला दहापैकी दहा दिले.